मालनची जट

कंगवा मध्येच अडकला आणि आईचा हात थांबला.

मी तिच्या गुडघ्यांमध्ये पाठ टेकून बसले होते. विषमज्वरातून नुकतीच उठले होते, मान धरवत नव्हती. ताप होता तोवर डोक्याला ना पाणी, ना तेल, ना फणी. त्या दिवशी पहिल्यांदाच आई मला मामाच्या परसात कोवळ्या उन्हाला घेऊन बसली होती.

"काय झालं गं?" मी विचारलं.

मानेच्या वरच्या बाजूला आईची बोटं काहीतरी चाचपत राहिली. मग एकदम ओरडली, "अगं बाई माझे! वैनी, हिकडं या! हिकडं या आदी!"

मामी ओले हात पदराला पुसत आली. वाकून बघितलं आणि चुलीतलं लाकूड हाताला लागावं तशी मागं सरली.

"जट!" ती म्हणाली. तेवढं म्हणून तिनं हात जोडले. मला नव्हे, माझ्या डोक्याला.

मी मागं हात नेला. केसांचा एक जाड दोर झाला होता. कडक, गाठीगाठींचा, मुळाशी घट्ट बसलेला. मी पाण्याच्या शास्त्राची पदवी घेऊन आले होते. तापानं आणि घामानं केसांचा गुंता होतो हे कळायला तेवढ्या पदवीचीही गरज नव्हती.

"गुंता झालाय. कात्री आण, कापून टाक," मी म्हणाले.

आईनं फाडकन माझ्या तोंडात दिली.

तिनं मला त्याआधी कधी मारलं नव्हतं. मामाच्या घरात मला मारायला माणसं पुष्कळ होती, त्यामुळं त्या कामाची पाळी आईवर कधी आलीच नव्हती. मी गाल धरून तिच्याकडं बघत राहिले. ती माझ्याकडं बघत नव्हती. मामीकडं बघत होती.

आमचं गाव गडहिंग्लजच्या पलीकडं, कर्नाटकाला चिकटलेलं. तिकडं बाईच्या केसांत जट आली की देवीनं तिला धरलं असं समजतात. त्या केसांना फणी लावायची नाही, कात्री तर नाहीच नाही. जो कापेल तो आंधळा होतो, रक्त ओकतो, त्याच्या घरात प्रेत पडतं. ज्याला जे सुचेल ते तो सांगतो. आणि जिला जट आली तिला डोंगरावर नेऊन देवीला सोडायची, गळ्यात मणी बांधायचे. मणी बांधले की तिचं लग्न होत नाही. ती देवीची, म्हणजे पुढं ज्याची ऐपत असेल त्याची. कायद्यानं हे सगळं कधीच बंद झालंय. पण कायदा गडहिंग्लजपर्यंत यष्टीनं येतो. तिथून आमच्या गावाची मुक्कामाची गाडी त्याला काही मिळत नाही.

आमच्या आजोळात तर दर पिढीला एक मुलगी दिलेली. आईच्या वेळी तिच्या थोरल्या बहिणीला, शेवंता मावशीला दिलं, म्हणून आई सुटली. मावशीला कुणीतरी सांगलीला नेलं. परत आली ती चादरीत गुंडाळूनच. तिचे मणी मामाच्या देव्हाऱ्यात होते आणि मामी रोज त्यांना हळदकुंकू वाहत असे.

माझे वडील खाणीत सुरुंगाखाली गेले तेव्हा मी आईच्या कडेवर होते. आई मला घेऊन भावाच्या दारात आली आणि तिथंच राबत राहिली. मी त्या घरात शेणी थापल्या, पोरं सांभाळली, उष्टी काढली आणि मार खाल्ला. शाळेत गुळवणी बाई नसत्या तर अजूनही शेणीच थापत असते. बाईंनी मला वसतिगृहात घातलं, पुढं कोल्हापूरला पाठवलं आणि शेवटी सरकारी शिष्यवृत्तीचा अर्जही त्यांनीच भरून घेतला. सप्टेंबरच्या अखेरीस मला हॉलंडला जायचं होतं. जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करायला.

हॉलंड म्हणजे काय, ते कुठं असतं, याचं मामाला काही देणंघेणं नव्हतं. भाची हातची जाते एवढं त्याला कळलं. शेवटची परीक्षा देऊन मी सुट्टीला घरी आले तर माझी सुपारी फुटलेली. नवरा म्हणून मामीचाच भाऊ, भरमा. त्याची स्वतःची दगडाची खाण होती. पहिली बायको त्याच खाणीतल्या डबक्यात सापडली होती. पाय घसरला म्हणाले. त्या डबक्यावर बायका धुणंसुद्धा धुवायला जात नाहीत, मग ती तिथं कशाला गेली होती हे कुणी विचारलं नाही. मी मामाला नाही म्हणून सांगितलं, मार खाल्ला आणि त्याच आठवड्यात तापानं पडले. ज्येष्ठातलं लग्न माझ्या तापासाठी थांबून राहिलं होतं.

तर अशा वेळी ही जट.

मामानं हौसाक्का जोगतिणीला बोलावणं धाडलं. हौसाक्का म्हणजे चार गावांत देवीचा शब्द. तिची स्वतःची जट कमरेच्या खाली आलेली, कपाळभर भंडारा, काखेत देवीची परडी. ती सोप्यात बसली. मला पुढ्यात बसवलं. मामा, मामी भिंतीला टेकून उभे. आई पाण्याचा तांब्या घेऊन दारात.

हौसाक्कानं माझी जट हातात घेतली. मुळापासून टोकापर्यंत चोळली. मग बोटं नाकाशी नेली. पुन्हा चोळली, पुन्हा वास घेतला. नंतर मान वर करून आईकडं बघितलं. बराच वेळ बघत राहिली. आईच्या हातातल्या तांब्यातलं पाणी तिच्या पायांवर सांडत होतं आणि तिला त्याचं भान नव्हतं.

"तायव्वा," हौसाक्का म्हणाली, "तू लहानपणी मला आक्का म्हणत हुतीस. शेवंता आन मी एकाच पुनवंला डोंगरावर गेलो. आटवतंय न्हवं?"

"आटवतंय आक्का," आई म्हणाली.

"मग बरं." हौसाक्कानं माझ्या डोक्यावर भंडारा टाकला. "खरी हाय. देवीचीच हाय."

मामीनं तिथंच लोटांगण घातलं.

"मणी कवा बांधायचं?" मामानं विचारलं.

हौसाक्कानं उत्तर द्यायच्या आधीच आई म्हणाली, "मार्गेसरात. पुनवंला. डोंगरावरच. त्याच्या आदी चालतच न्हाई. व्हय न्हवं, आक्का?"

"चालत न्हाई," हौसाक्का म्हणाली.

मार्गशीर्षाला अजून पाच-सहा महिने होते. मी दोघींकडं आळीपाळीनं बघत होते. माझ्या अंगावर काटा आला. बकऱ्याला हार घालताना कुणी बकऱ्याला विचारत नाही, तसं चाललं होतं. आणि त्यात पुढं कोण, तर माझी आई.

दोन दिवसांनी भरमा त्याच्या आईला घेऊन आला. म्हातारीनं जट लांबूनच बघितली, लग्नाचं लुगडं परत मागून घेतलं आणि घाईघाईनं चपला घातल्या. "देवीची वस्तू घरात घ्याची म्हंजे निर्वंश," ती म्हणाली. जाताना मोटरसायकलवर बसून भरमानं माझ्याकडं वळून बघितलं. विकत घ्यायला गेलेली वस्तू दुसऱ्यानं उचलली की बाजारात माणूस जसा बघतो तसं.

लग्न मोडलं. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. कारण त्या दिवसापासून आई माझी आई राहिली नाही. ती मला आधी जेवायला वाढी आणि मग पाया पडे. मला कामाला हात लावू देईना. मी बोलायला गेले की उठून जाई. एकदा मी तिला परसात गाठलं.

"आई, मला जायचंय. गुळवणी बाईंकडं सगळी कागदं तयार आहेत. तुला ठाऊक आहे. तू मला सोड, बाकी मी बघते."

"कुटं जातीस? देवीची झालीस आता."

"शेवंता मावशी झाली ना देवीची? काय झालं तिचं?"

आईचा चेहरा पांढरा पडला. "तिचं नाव काडू नगंस," ती म्हणाली आणि बादली उचलून निघून गेली.

मला तिचा राग आला. राग कसला, किळस आली. ज्या बाईनं माझ्या शाळेसाठी भावाचे जोडे खाल्ले, तिनं शेवटी मलाच देवीच्या ताटात वाढावं, हे मला सहन होईना. मी मनातल्या मनात तिला टाकून दिलं. पळून जायचं ठरवलं. पण जट आलेली मुलगी पळून जाणार कुठं? दाराबाहेर पाऊल टाकलं की बायका पायांवर पाणी घालायला धावत. पोरं मागं लागत. यष्टीचा कंडक्टर देखील हात जोडी आणि विचारी, "मामास्नी इचारलासा न्हवं?" पूर्वी माझ्यावर मामाची एकट्याची नजर होती. आता अख्ख्या गावाची होती. आणि ती भक्तीची असल्यामुळं तिला चुकवता येत नव्हतं.

पावसाळा तसाच गेला. जट वाढत होती. रोज हात लावून बघायची मला सवयच लागली. आधी बोटाएवढी होती, ती मनगटाएवढी जाड झाली, आजूबाजूचे केस ओढून घेऊ लागली. डोकं जड व्हायचं. मला सगळं कळत होतं, धूळ, तेल, हळद, न विंचरलेले केस. तरी एखाद्या दुपारी वाटायचं की ही खरंच आपल्याला धरून बसलीय. विज्ञान शिकलेल्या माणसाला भीती वाटत नाही असं कुणी म्हणालं तर खुशाल हसावं.

भाद्रपदात भरमा परत आला. एकटाच. मामा आणि तो सोप्यात बसले होते. मी आणि आई चुलीपाशी. मध्ये नुसता कुडाचा आडोसा, त्यामुळं शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"लगीन करता येत न्हाई, ठीक हाय," भरमा म्हणाला. "पर मणी बांधल्यावर कुणीतरी सांभाळायलाच पायजे का न्हाई तिला?"

"पायजे की," मामा म्हणाला.

"मग मी सांभाळतो. उगंच परक्याच्या दारात कशाला? घरातली वस्तू घरात ऱ्हाईल. आन भावजी, खाणीवर मला भरवशाचा मुकादम पायजेच हाय."

मामा हसला. "मार्गेसर उजाडू दे की मग."

"मार्गेसरापतूर कोण थांबतंय? तवर तिकडं इलायतंला पळाली तर? नवरात्रात बांधूया, घरातच. हौसाक्का न्हाई म्हणाली तर दुसरी आणतो. जोगतिणी काय, पैशाला पासरी."

तव्यावरची भाकरी करपून धूर निघाला. मी आईकडं बघितलं. ती पिठाचा गोळा हातात घेऊन तशीच बसली होती. मग उठली आणि परसात गेली. मी मागं गेले. ती भिंतीला धरून उभी होती. त्या तोंडावर भक्ती नव्हती. नुसती भीती होती. जिवाची धडपड करून मांजराच्या पिलाला गोठ्यात लपवावं आणि तिथंच कुत्रा येऊन बसावा, तशी. मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

भरमा पाणी मागायच्या निमित्तानं स्वैपाकघराच्या दारापर्यंत आला. मी तांब्या उंबऱ्यावर ठेवला. त्यानं तो उचलला, एका दमात पाणी प्याला आणि मिशा पुसल्या.

"भ्याऊ नगंस," तो म्हणाला. "आता न्हाई मी हात लावत. देवीची हाईस. नवरात्र हुंदे."

तो गेल्यावर आई मामापुढं जाऊन उभी राहिली. त्या घरात आईनं आपण होऊन मामाशी बोलायला जाणं हीच मोठी गोष्ट होती.

"आण्णा, मणी नवरात्रात बांधा. माझं काय न्हाई. पर जोगवा मागितल्याबिगर बांधलं तर घरावर यील. पाच गावं झाली पायजेत."

मामाच्या कपाळाला आठी पडली. मामा मला घाबरत नव्हता, कायद्याला घाबरत नव्हता, पण देवीला घाबरत होता. त्या घरात तेवढी एकच गोष्ट मामाच्या वर होती.

"हिला बरोबर ने," त्यानं मामीकडं बोट केलं.

"सवाशीण संसारी बाई जोगव्याला चालत न्हाई," आई म्हणाली. "मी रांडमुंड हाय, मी चालतो. आन हौसाक्का हाय की संगं."

असा आमचा जोगवा सुरू झाला. मंगळवारी आणि शुक्रवारी. पुढं हौसाक्का, मध्ये मी परडी घेऊन, मागं आई. मी, जिला महिन्याभरात परदेशातल्या वर्गात बसायचं होतं, ती दारोदार "उदं गं आई उदं" म्हणत हिंडत होते आणि बायका माझ्या परडीत पसाभर जोंधळे घालत होत्या. मला वाटत होतं, संपलं. डबक्यात सापडलेली ती बाई आणि चादरीतली शेवंता मावशी, दोघींच्या मध्ये माझी जागा करून ठेवलीय. मी बोलणं सोडलं होतं. रडणंही.

पाचव्या गावाला जायचा तो शुक्रवार होता. गावाबाहेर जिथं रस्ता फुटतो, डावीकडं गडहिंग्लज आणि उजवीकडं ते पाचवं गाव, तिथं हौसाक्का एका दगडावर बसली.

"माझं पाय दुकत्यात," ती म्हणाली. "मी हितंच बसतो. तुमी दोघी मागून या."

"बरं आक्का," आई म्हणाली आणि तिच्या पाया पडली. हौसाक्कानं तिला लवकर उठू दिलं नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "तायव्वा, परत फिरायचं असंल तर आत्ताच फीर. म्होरं न्हाई फिरता यायचं."

"न्हाई फिरत."

आई उठली, माझं मनगट धरलं आणि डावीकडं वळली.

"आई, गाव तिकडं आहे."

"चल गप."

ती इतक्या भराभरा चालत होती की मला धाप लागली. मागून ट्रॅक्टर आला तर ती मोठ्यानं जोगव्याचं गाणं म्हणायला लागे, गेला की गप्प होई. गडहिंग्लजला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. गुळवणी बाईंच्या घरामागं न्हाणीपाशी बाई उभ्याच होत्या. त्यांच्या पायाशी माझी पेटी होती. मी त्यांच्याकडं बघितलं, आईकडं बघितलं.

"तुमचं आधी ठरलं होतं?" मी विचारलं.

"पंधरा दिवसांमागं तुझी आई बाजाराच्या निमित्तानं येऊन गेली," बाई म्हणाल्या. "मालन, वेळ नाही. कोल्हापूरची गाडी गाठायची आहे. माझा भाऊ पुढं मुंबईपर्यंत येतो बरोबर. आधी हे डोक्याचं बघू. बस खाली."

त्यांच्या हातात कात्री होती. आईनं ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

"ताई, द्या इकडं, मी कापते," बाई म्हणाल्या. "माझा यावर विश्वास नाही. मला काही होणार नाही."

"म्हणून तर नगं," आई म्हणाली. "ज्याला भ्या वाटतंय त्यानंच कापाय पायजे. न्हाईतर देवी मालूलाच जाब इचारंल."

"मी कापते, माझे केस आहेत," मी म्हणाले.

"तुझ्या हातानं तर न्हाईच न्हाई!" ती ओरडली. मग माझ्यासमोर उकिडवी बसली. "मालू, ऐक. जट मी केली."

मला कळलंच नाही.

"तू तापात हुतीस. परसामागचं उंबर हाय न्हवं, त्येचा चीक काडला आन तुझ्या केसांत चोळला. वरनं हळद. मला वाटलं, जट दिसली की भरमाची आई पळंल. जट आलेल्या पोरीला कोण घरात घेतंय? आन मणी मार्गेसरातच बांधत्यात, शेवंतालाबी तवाच बांधलं. तवर तू गेल्याली असशील. आक्कानं वासावरनं वळखलं, पर गप बसली बिचारी. तो मुडदा मणी बांधल्यावर सांभाळतो म्हणंल, नवरात्रातच बांधा म्हणंल, हे माज्या ध्यानातच आलं न्हाई गं. एवढी शेवंता डोळ्यांनी बघितली, तरी न्हाई आलं."

"मला का नाही सांगितलंस? मी तुला काय काय समजले... "

"तुला ठाव असतं तर तू भ्याली नसतीस. तू भ्याली नसतीस तर वैनीला खरं वाटलं नसतं."

मी तिच्या गळ्यात पडायला गेले. तिनं मला हातभर लांब धरलं.

"थांब. सगळं ऐक. चीक मी एकदाच लावला. एकदाच, मालू. तुझ्या डोक्यावर हात ठेवून सांगतो. पुढं मी न्हाई काय केलं. ती आपली आपण वाढली. मनगटाएवढी झाली." ती आता कुजबुजत होती. "मी खोटंच बोलावलं आन ती खरीच आली."

"आई, केस न विंचरले की कुणाचेही... "

"तुझं शास्तर तुझ्याजवळ ठेव. मला म्हाईत हाय ती आलीय. आली तर आली."

तिनं डोळे मिटले, देवीचं नाव घेतलं आणि माझी जट मुठीत धरली. कात्री बोथट होती की जट कठीण होती कोण जाणे, कचाकच आवाज येत राहिला, आणि प्रत्येक कचक्याला आई "माज्यावर, आई, माज्यावर" म्हणत होती. गुळवणी बाई, ज्यांचा विश्वास नव्हता, त्या तोंडाला पदर लावून न्हाणीच्या भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या. मग मान एकाएकी हलकी झाली. इतकी की मी पुढं तोल जाऊन पडले.

आईनं डोळे उघडले. आपले दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. काही झालं नव्हतं. तिला त्याचा आनंद झाला नाही. ती वाट बघणाऱ्या माणसासारखी दिसत होती.

मग तिनं आपला अंबाडा सोडला. माझी जट मानेवर धरली, आपल्या केसांच्या बटा तिच्याभोवती गुंडाळल्या आणि काळ्या दोऱ्यानं घट्ट बांधून टाकली. परडीतला मूठभर भंडारा वरून चोळला.

"हे काय करतेयस?" मी घाबरून विचारलं.

"मग घरात काय सांगू? पोरगी पळाली म्हणून? आण्णा जित्ती सोडंल मला?" ती उठून उभी राहिली. "वाटंत देवीनं पोरीला सोडलं आन मला धरलं. पोरगी सुटली तशी यड्यावानी पळाली. आक्का साक्षीला हाय. आता कोण लावतोय मला हात, बघतो."

"तू चल माझ्याबरोबर. कोल्हापूरला राहा. बाई सोय करतील."

"करतील की. पर दोघी न्हाई सुटत मालू. दोघी गेलो तर गाडी अडवंल तो. मी परत गेलो तर मला बघण्यात दीस जाईल त्यांचा." तिनं माझ्या कापलेल्या केसांवरून एकदाच हात फिरवला. "जा. पाण्याचं शिकून घे चांगलं."

मागच्या दाराच्या फटीतून मी तिला जाताना बघितलं. परडी काखेत, केस सुटलेले. कोपऱ्यावर पोचल्यावर तिनं आवाज चढवला, "उदं गं आई उदं!" रस्त्यावरचा एक सायकलवाला खाली उतरला आणि त्यानं तिला हात जोडले.

मी गेले. शिकले. पहिला हिवाळा मी गावाकडून फोन येईल या भीतीत काढला. काळ्या पाण्याच्या कालव्याकडेनं चालताना मला सारखं वाटायचं, आज आईचे डोळे गेले असतील, आज ती रक्त ओकली असेल. प्रयोगशाळेत दिवसभर पाणी मोजायचं आणि संध्याकाळी खोलीत येऊन हे असलं घाबरायचं. गुळवणी बाई कळवत, तायव्वा बरी आहे. मला खरं वाटत नसे.

अभ्यास संपवून परत आले ते थेट गावी. आई मामाच्या घरात नव्हती. गावाबाहेर देवीच्या देवळाला लागून तिची खोप होती. मामा दारात उभा होता, हातात झाकलेलं ताट घेऊन. तिचं जेवण तो स्वतः आणून देई आणि ती 'जा' म्हणेपर्यंत उभा राही. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. भरमानं दुसरीकडं लग्न केल्याचं बाईंनी कळवलं होतं. ती कोण, कशी आहे, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

मामा गेल्यावर मी आईच्या मागं जाऊन बसले. जट तिच्या पाठीवर रुळत होती. मी काळा दोरा शोधला. तो कुठंच नव्हता. जट बांधलेली नव्हती. मुळापासून तिचीच होती.

"पुष्कळ झालं आता," मी म्हणाले. "आता कुणी काही करू शकत नाही. मला पुण्यात नोकरी लागलीय. तू चल. आधी हे कापून टाकू. मी कात्री आणलीय, चांगली धारेची."

तिनं माझा हात धरला. कुजबुजून नव्हे, अगदी साध्या आवाजात, भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तसं ती म्हणाली,

"न्हाई गं बाळ. तिच्या तोंडातला घास मी काडून घेतला. आता तिला उपाशी ठेवून कसं चालंल?"